मोरचूद ओव्हनमध्ये सुकवलं, ०.१ मोलरचं ०.१४ निघतंय

ठाणे_लॅबअसिस्टंट
पावसाळी हवेत मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, अर्ध्या किलोच्या बाटलीत गोळे झाले. ते फोडून पूड रात्रभर ११० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवली. सकाळी ती फिकट, जवळजवळ पांढरी. त्यातले ६.२४ ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड वॉटरने २५० मिली केलं. आयोडोमेट्रीत (सुटलेलं आयोडीन मोजून तांबं काढायची पद्धत) १० मिलीला ०.१ नॉर्मल थायो (सोडियम थायोसल्फेट) १० ऐवजी १४ मिली लागतोय, तिन्ही रीडिंग १४.० ते १४.१. थायोची ताकद डायक्रोमेटवर तपासलेली आहे. द्रावण किंचित गढूळही आहे. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. बाटली टाकून देऊ का?

तुर्भे_क्यूसी
टाकू नका. तराजूही बरोबर आहे आणि थायोही. तुम्ही पाणी उडवून बसलात. निळ्या स्फटिकात पाण्याचे ५ रेणू असतात, रेणुभार २४९.६८. ११० अंशांच्या आसपास त्यातले ४ निघून जातात आणि उरतो एकाच पाण्याचा मोनोहायड्रेट, रेणुभार १७७.६. पाचवा रेणू २०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सुटत नाही. ६.२४ भागिले १७७.६ करा, २५० मिलीत ०.१४०५ मोलर येतं. तुमचं रीडिंग तंतोतंत तेच सांगतंय.

सोमवारसाठी ०.१ मोलर करायला: याच द्रावणाचे १७८ मिली ब्युरेटने मोजून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या, सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे ४-५ थेंब टाका, खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा टायट्रेट करा. गढूळपणा बहुधा बेसिक कॉपर क्षाराचा आहे, आम्लाने जाईल. नळाच्या पाण्यात तर बायकार्बोनेटमुळे हे हमखास होतं.

यापुढे गोळे झाले तर चिनीमातीच्या खलात हलक्या हाताने फोडा, फिल्टर पेपरमध्ये दाबून टिपा, सावलीत हवेवर सुकवा. ओव्हन नाही. लोखंडी स्पॅच्युला ओल्या पुडीत घालू नका, त्यावर तांब्याचा लाल थर चढतो आणि लोखंड तुमच्या बाटलीत उतरतं.

ब्युरेट_बेलापूर
लोखंड असण्याची शक्यता तपासलीत का? शेतीच्या दुकानातलं मोरचूद असेल तर फेरिक आयन आयोडाइडमधून आयोडीन सोडतो आणि रीडिंग वर जातं.

तुर्भे_क्यूसी
शंका रास्त आहे, पण ४० टक्के चढायला बाटलीत तांब्यापेक्षा फार कमी लोखंड असून चालणार नाही! शिवाय लोखंड असलं की एंडपॉइंटनंतर (स्टार्चचा रंग गेल्यावर) निळा रंग परत परत येतो. तसं दिसलं तर चिमूटभर सोडियम फ्लोराइड टाकून बघा. मात्र ते विषारी आहे आणि आम्लात हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, म्हणून फ्यूम हूडखालीच (वाफा ओढून घेणारं कपाट).

एक विचारतो, थायोसायनेट घालता ना? क्युप्रस आयोडाइडचा पांढरा साका आयोडीन धरून ठेवतो. पिवळा रंग फिका पडल्यावर स्टार्च, आणि निळा रंग जात आला की १० टक्के पोटॅशियम थायोसायनेट १० मिली. आधीच घातलंत तर रीडिंग बिघडतं.

खाडीकिनारा
हाताळण्याबद्दल कुणी बोललंच नाही. खलात पूड उडते. नायट्राइल हातमोजे, बंद गॉगल आणि मास्क हवाच. डोळ्यात गेली तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि सरळ डॉक्टरकडे. पोटात गेली तर मुद्दाम उलटी करवू नका. पिपेट तोंडाने ओढायची सवय अजून दिसते, ती बंद करा.

आणि उरलेलं सिंकमध्ये नको. तांबं मासे आणि शेवाळाला अगदी कमी प्रमाणातही घातक आहे, आणि आपल्या नाल्यांची वाट शेवटी फ्लेमिंगो येतात त्या ठाणे खाडीतच जाते. साधं द्रावण बादलीत (प्लॅस्टिकच्या, पत्र्याची गंजून गळते) साठवा, धुण्याचा सोडा थोडाथोडा टाकून पीएच ८ ते ९ करा, फेस येतो म्हणून सावकाश. रात्रभर ठेवा. तळाचा हिरवट-निळा गाळ गाळून, लेबल लावून घातक कचऱ्यात द्या. तळोज्याला त्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. वरचं पाणी निळसर राहिलं तर तांबं अजून आत आहे. अमोनिया पडलेलं, फेहलिंग आणि बेनेडिक्टचं (साखर तपासायची तांब्याची द्रावणं) उरलेलं यात मिसळू नका. अमोनिया, टार्ट्रेट, सायट्रेट तांब्याला धरून ठेवतात, सोड्याने साका पडतच नाही. त्यांची बाटली वेगळी.

ठाणे_लॅबअसिस्टंट
१७८ मिलीवाला हिशोब केला, तिन्ही रीडिंग १०.० आणि १०.१ च्या मध्ये. गढूळपणाही गेला. ओव्हनवाल्या बाटलीवर आता ‘मोनोहायड्रेट, १७७.६’ असं लिहून ठेवू का?

तुर्भे_क्यूसी
तसं लिहू नका. दमट हवेत पूड पुन्हा पाणी ओढेल आणि आकडा खोटा ठरेल. ‘पाण्याचं प्रमाण अनिश्चित, फक्त गुणात्मक चाचण्यांसाठी’ लिहा. वजन करून द्रावण बनवायला नवी बाटली फोडा.