जहांगीरमधलं चित्र कळलं नाही, ओव्हलसमोरची बाल्कनी मात्र कळली

पायपीट२१
कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, डोंबिवलीकर. रविवारी सीएसएमटीला उतरलो आणि ठरवलं, आज बस नाही, टॅक्सी नाही. फोर्टातून काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, एनजीएमए म्हणजे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय, मग ओव्हल मैदान ओलांडून मरीन ड्राइव्ह. दोन वडापाव, तीन चहा.

माझं मत सांगतो, शिव्या खायची तयारी आहे. शेजारी चिकटवलेला कागद वाचल्याशिवाय जे चित्र कळत नाही, ते अर्धवट चित्र. जहांगीरला एक मोठा राखाडी कॅनव्हास होता. जवळ गेलो, मागे आलो, मान वाकडी केली. कागदावर अवकाश, अनुपस्थिती, संवाद असलं बरंच काही. खुर्चीतला वॉचमन माझ्याकडे बघून हसला, एवढाच काय तो संवाद.

ओव्हलवर कुणी काही समजावलं नाही. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दोन्ही १८७८ ची, टोकदार कमानींची, गॉथिक. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या इमारती: गोल कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जहाजाच्या डेकसारखे कठडे. मधे एवढे सामने चालू की समोरचा फील्डर नक्की कुणाचा, ते त्यालाही ठाऊक नसावं. साठ वर्षांत शहराचं डोकं कसं बदललं, ते मान फिरवली की दिसतं. ही खरी कला.

खडूफळा
जेजे कला महाविद्यालयात पाच वर्षं काढलीत, म्हणून राहवत नाही. कागदाबद्दल सहमत, ते मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत वाईटच लिहितात. बाकी सपशेल असहमत.

ओव्हलचं तुला 'आपोआप' कळलं? अरे, गोल बाल्कन्या तू दादर-माटुंग्यात लहानपणापासून बघतोयस. डोळ्याला सवय आहे, त्याला तू कळणं म्हणतोस. आणि जहांगीरची इमारत पाहिलीस का? १९५२ ची, वास्तुरचनाकार दुर्गा बाजपेयींची. दारावर पुढे आलेला तो काँक्रीटचा छज्जा हीसुद्धा आधुनिक कलाच. त्याच्या सावलीत उभा राहून चहा प्यायलास ना? त्याला कुठे कागद चिकटवला होता?

१९४७ ला सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह हा कलाकारांचा गट काढला, तोही याच शहरात. साहेबाच्या शाळेतलं वळण मोडायचं, ही खुमखुमी चित्रकाराची आणि वास्तुरचनाकाराची एकच. तू एकाला टाळी देतोस, दुसऱ्याला नापास करतोस.

पागडी_माटुंगा
दोघेही बाहेरून बघताय. मी त्यात राहतो. आमची बिल्डिंग त्याच काळातली, बाल्कनी गोल, जिन्याच्या कठड्याला सूर्यकिरणांची जाळी. फोटो काढायला पोरं येतात. खारी हवा आत शिरते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. गेल्या जूनमध्ये ढपला सुटला तो थेट पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत. कुंडी फुटली, काकू वाचल्या. ओव्हल-मरीन ड्राइव्हच्या ९४ इमारती २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या, आनंद आहे. आमच्याकडे बिल्डरशिवाय कुणी येत नाही. तेव्हा 'खरी कला' वगैरे जरा बेतानं.

गच्चीवरून
@पागडी_माटुंगा, दुरुस्ती होत नाही हा मालकाचा आणि भाडेकायद्याचा घोळ, वास्तुरचनेचा दोष नव्हे. ओव्हलवरची एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हवरची सूना महाल या इमारती वास्तुरचनाकार गजानन बाबुराव म्हात्र्यांच्या. गॉथिकसाठी राजाबाई टॉवरवाल्या गिल्बर्ट स्कॉटचं नाव सगळे घेतात, म्हात्रे कुणाला माहीत नाहीत.

पागडी_माटुंगा
आली अस्मिता! म्हात्र्यांना नमस्कार, पण तुळशीचं काय?

खडूफळा
@पायपीट२१, एक सरळ प्रश्न. चित्रकार गायतोंडे रोलरनं आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या सुरीनं, रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. अशा कामासमोर तू किती वेळ उभा राहतोस? घड्याळ लावून सांग.

पायपीट२१
फोनमध्ये फोटोंच्या वेळा बघितल्या. राखाडी कॅनव्हास १२:४१. पुढचा फोटो चहाच्या ग्लासाचा, १२:४४. ओव्हलवर पहिला फोटो ३:१०, शेवटचा ४:०२.

बरं, हा मुद्दा तुमचा. पण एनजीएमएत मी तासभर होतो आणि तिथेही चित्रांपेक्षा इमारतच जास्त पाहिली. वास्तुरचनाकार विटेटनं १९११ ला बांधलेलं सभागृह, १९९६ ला त्याच्या पोटात दालनं बसवली. जिना चढता चढता वर घुमटाखाली येतो आणि आवाज बदलतो. स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा येतो. चित्रानं असं काही केलं तर मी बावन्न मिनिटं थांबेन. वेळ बघणाऱ्यानं द्यायचा हे कबूल, पण थांबवायची जबाबदारी थोडी चित्राचीही आहे की नाही?

खडूफळा
नाही. पण हे भांडण जहांगीरच्या पायरीवर बसून करू. तोच कॅनव्हास अजून आहे का बघतो, प्रदर्शनं आठवड्याला बदलतात.

पागडी_माटुंगा
त्याआधी एक रविवार माटुंग्याला या दोघं. जिना दाखवतो, जाळी दाखवतो, चहा घरचा. फक्त फोटो समोरच्या फुटपाथवरून काढा, बाल्कनीखाली उभे राहू नका.