सीरियन, सुरयानी, अरामी की शामी?

शेवंती :
एका संग्रहालयाच्या पुस्तिकेचं मराठी करते आहे. विषय पालमिरा, म्हणजे सीरियातलं एक प्राचीन शहर, आणि त्या भागातली जुनी संस्कृती. मूळ मजकुरात सीरियन, सिरियाक, असीरियन, अरामी हे चार शब्द येतात, शिवाय अरबी उताऱ्यांत 'शामी'. माझ्या पहिल्या खर्ड्यात पाचांचंही 'सीरियन' झालंय. माझ्याकडच्या कोशात सिरियाकपुढे 'सीरियाची प्राचीन भाषा' एवढंच आहे. 'सीरियाई' मला हिंदी वाटतं, तुम्हाला?
दुसरी अडचण जरा विनोदी आहे. पालमिराचं मुख्य देऊळ 'बेल' नावाच्या देवाचं. मी 'बेल मंदिर' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, "महादेवाचं का?"

मुळाक्षर :
पाचही शब्द वेगळे ठेवा, ती पाच वेगळी माणसं आहेत. आणि 'सीरियाई' नकोच. आजच्या नागरिकांसाठी मराठीत 'सीरियन' रुळलाय, तो राहू दे.

सीरिया हे नाव म्हणजे अश्शूरचा, असीरियाचा, तुटलेला तुकडा. ग्रीक ज्यांना सीरियन म्हणतात त्यांना इतर लोक असीरियन म्हणतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच लिहून गेलाय. तरी यावर दीडशे वर्षं वाद चालला. १९९७ मध्ये तुर्कस्तानात अदानाजवळ चिनेकॉय इथे वादळदेवाचा पुतळा सापडला. त्यावर इ.स.पू. आठव्या शतकातला लेख आहे, लुवियन आणि फिनिशियन अशा दोन भाषांत. फिनिशियन मजकुरात जिथे 'अश्शूर' येतं, तिथे लुवियन मजकुरात 'सुर'. म्हणजे 'अ' खाल्ल्याचा आळ ग्रीकांवर होता, पण तो त्यांच्या आधीच गळला होता.

हे झालं बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. दमास्कसच्या आसपासचे लोक स्वतःला अरामी म्हणत. त्यांची राज्यं असीरियाने गिळली, दमास्कस इ.स.पू. ७३२ मध्ये पडलं, पण भाषा जिंकली. असीरियाचा आणि नंतर इराणच्या हखामनी सम्राटांचा कारभार अरामीत चालू लागला. अशोकाने कंदाहारला लेख कोरवला तो ग्रीक आणि अरामीत. पुढे अरामी भाषा बोलणारे ख्रिस्ती झाले, तेव्हा 'अरामी' शब्दाला मूर्तिपूजकाचा वास येऊ लागला आणि त्यांनी ग्रीकांचाच शब्द उचलून स्वतःला 'सुर्याये' म्हणायला सुरुवात केली. त्यांची लिखाणाची भाषा ती सिरियाक. मराठीत 'सुरयानी' लिहा, अरबी-फारसीतून आपल्याला जवळचा पडतो.

तुमच्या कोशातली ओळ त्यामुळे दिशाभूल करते. सुरयानी ही मुळात एडेसा शहराची बोली, आणि एडेसा म्हणजे आजचं उर्फा, तुर्कस्तानात. सीरियात आज लोक अरबी बोलतात. अरामीची एक शाखा दमास्कसजवळच्या मालुला गावात आणि त्याच्या शेजारी अजून घरात बोलली जाते, पण ती सुरयानी नव्हे, तिची चुलत बहीण.

अग्निबाण :
इतका द्राविडी प्राणायाम कशाला? असुर म्हणजे अश्शूर आणि सूर्य म्हणजे सीरिया. आपलेच लोक तिकडे गेले. सरळ आहे.

मुळाक्षर :
सरळ दिसतं, म्हणूनच संशय घ्यायचा. 'असुर'चा सख्खा भाऊ इराणीत 'अहुर' आहे, सप्तचं हप्त होतं त्याच नियमाने. म्हणजे शब्द दोघांच्या समाईक वडिलांचा. अश्शूर हे टायग्रिसकाठचं शहर, आणि त्या शहराच्या देवाचंही तेच नाव. सूर्याचा नातेवाईक ग्रीक 'हेलिओस'. सीरियाशी त्याचा संबंध फक्त कानाला लागतो.

पण थांबा, तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. खाबूर नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या ईशान्य सीरियात, मितानी नावाचं राज्य होतं. इ.स.पू. चौदाव्या शतकात तिथल्या शत्तिवाझ राजाने हित्ती सम्राटाशी (त्याचं राज्य आजच्या तुर्कस्तानात) तह केला. त्यात साक्षीला बोलावलेल्या देवांची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य बसलेत. मितानीच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथही मिळालाय. घोड्याला किती फेऱ्या मारायला लावायच्या याचे त्यातले आकडे असे : ऐक, तेर, पंझ, सत्त, नव. प्रजा मात्र हुरियन होती, त्यांची भाषा निराळीच. राजघराण्याची नावं, देव आणि घोडे एवढ्यात हा आर्य थर दिसतो. हाती लागलेलं एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

अग्निबाण :
'पंझ' भारी आहे. सूर्य मागे घेतो. असुराचं बघू.

दुर्गाडी :
मी कल्याणची. आमच्या इमारतीत तीन मल्याळी कुटुंबं आहेत, 'सीरियन ख्रिश्चन'. लहानपणी मला वाटायचं हे लोक सीरियातून आले. काकूंना विचारलं तर हसल्या, "आम्ही कोट्टायमचे गं." त्यांच्या उपासनेला त्या 'कुर्बाना' म्हणतात. हे 'सीरियन'सुद्धा सुरयानीच का?

मुळाक्षर :
अगदी. मल्याळममध्ये शब्दच 'सुरियानी' आहे. तो वंश किंवा देश सांगत नाही, प्रार्थनेची भाषा सांगतो. 'कुर्बाना' सुरयानी, आपलं 'कुर्बान', 'कुर्बानी' अरबीतून आलं, पण अरबीनेही तो शब्द अरामीकडूनच घेतला असं मानतात. जवळ नेणे, अर्पण करणे हा मूळ अर्थ. एकाच्या ताटात भाकर-द्राक्षरस, दुसऱ्याच्या ताटात बोकड.

आणि दुर्गाडीताई, तुमच्या गावाचा मान मोठा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की 'कल्लिआना' इथे इराणहून नेमलेला बिशप असतो. ते कल्याणच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नेमणूक इराणहून, कारण पूर्वेकडच्या सुरयानी चर्चची गादी तेव्हा इराणी साम्राज्यात होती. सीरियाचा त्यात कुठे पत्ता? १९८८ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने कल्याणला धर्मप्रांत केला, तेव्हा गाव परत नकाशावर आलं म्हणायचं.

एक राहिलं. इ.स. ६६२ मध्ये युफ्रेटिसकाठच्या केन्नेश्रे मठातला सेवेरस सेबोख्त हा सुरयानी बिशप ग्रीकांच्या गर्वाने वैतागला होता. सगळं ज्ञान आमचंच म्हणणाऱ्यांना त्याने सुनावलं, की हिंदी लोकांची गणना बघा, ते नऊ चिन्हांत करतात. आपल्या अंकांचा भारताबाहेरचा हा फार जुना उल्लेख. आणि तिथेच तो हेही नमूद करतो, की हे लोक सुरयानी नव्हेत! शब्दचर्चा तेव्हाही चालू होती.

शारजावाला :
'शामी'बद्दल माझ्याकडून. माझ्या कचेरीत दोन सीरियन आहेत. ते दमास्कसला दमास्कस म्हणत नाहीत, 'दिमश्क'ही फक्त कागदावर. बोलताना नुसतं 'अश्-शाम'. "शामला आई आहे" म्हणजे दमास्कसला. पण जुन्या पुस्तकात शाम म्हणजे अख्खा सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, जॉर्डन. आपण तालुका आणि तालुक्याचं गाव एकाच नावाने हाकतो ना, तसं.

दुसरी गंमत महिन्यांची. जुलैला ते 'तम्मूझ' म्हणतात. तम्मूझ हा जुना देव, उन्हाळ्यात मरणारा. बाबिलोनहून अरामीत, अरामीतून त्यांच्या अरबीत. महिना इंग्रजी, एकतीस दिवसांचा, नाव तेवढं देवाचं. आपण पगाराच्या चिठ्ठीवर जुलैऐवजी 'आषाढ' छापला तर कसं होईल, तसं.

मुळाक्षर :
शाम म्हणजे मुळात डावी बाजू. हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखात, उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला शाम, उजव्या हाताला येमेन. 'यमीन' म्हणजे उजवा. बेंजामिन नावातला 'यामीन' तोच. आता आपलं 'दक्षिण' बघा. उगवतीकडे तोंड करून आपणही उभे राहिलो आणि उजव्या हाताच्या दिशेला उजवी म्हणालो. कुणी कुणाकडून घेतलं नाही, सूर्य सगळ्यांना एकाच बाजूने उगवतो. तेव्हा शेवंतीताई, 'शामी' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात एक ओळ द्या. नाहीतर वाचक श्यामच्या आईकडे जाईल, नाहीतर सयामला.

शेवंती :
आणि माझा बेल?

मुळाक्षर :
बेल, बाल, बअल ही एकाच शब्दाची घराणी. अर्थ : धनी. घराचा, जमिनीचा, गावाचा मालक. बायकोच्या तोंडी नवरा. देवाच्या बाबतीत नाव घ्यायचं नाही, 'मालक' म्हणायचं. खेड्यात "आमचं मालक रानात गेल्यात" म्हणतात, अगदी त्याच चालीवर. पालमिराच्या देवळात बेलच्या जोडीला यर्हिबोल हा सूर्य आणि अग्लिबोल हा चंद्र, त्यांच्या शेपटीतला 'बोल' पण तोच. इ.स. ३२ मध्ये त्या देवळाची प्रतिष्ठापना झाली. मग ते चर्च झालं, मशीद झाली, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये सुरुंगाने उडवलं. लिहिताना 'बेल देवाचं मंदिर' लिहा. समास केला की बेलपत्र आलंच.

शारजावाला :
अरे हो, बअल! इथल्या भाजीबाजारात सीरियन काकडीच्या ढिगावर पाटी असते 'बअली'. मला वाटायचं लेबनॉनमधल्या बालबेक गावची. सहकारी म्हणाला, नाही रे, जिला पाणी दिलेलं नाही ती. फक्त पावसावरची. महाग असते, चव जास्त म्हणून.

खडकाळ :
म्हणजे कोरडवाहू!! मी माणचा. आमच्याकडं जिराईत म्हणजे कपाळाला हात. आणि तिकडं त्या काकडीला भाव जास्त? देवाचं नाव शेताला कसं काय पडलं पण?

मुळाक्षर :
कारण बअल पाऊस पाडायचा. पाटाचं पाणी पाजलेली जमीन माणसाची, आभाळाच्या भरवशावरची जमीन त्या मालकाची. देऊळ गेलं, धर्म दोनदा बदलला, अरबी शेतकऱ्याच्या तोंडी 'बअल जमीन' राहिली. तुमचा 'जिराईत'ही अरबीच, 'झिराअत' म्हणजे शेती.

त्याची गोष्ट उगारित या सीरियाच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन शहरातल्या मातीच्या पाट्यांवर आहे. उगारितही शेतकऱ्यामुळेच सापडलं. १९२८ मध्ये किनाऱ्याजवळ एकाचा नांगर थडग्याच्या दगडाला अडकला, आणि पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झालं. गोष्टीत बअलला 'मोत' गिळतो. मोत म्हणजे मरण, आपल्याकडे अरबीतून आलेला 'मौत' त्याच धातूचा. नांगरटीच्या तासांना भेगा पडतात. मग बअलची बहीण अनत मोतला कापते, पाखडते, भाजते, दळते आणि रानात फेकते. मळणीपासून जात्यापर्यंतची सगळी कामं, एकही सुटलेलं नाही. बअल उठतो, ओढ्यांना मध वाहतो.

खडकाळ :
सातबाऱ्यावर 'मयत' लिहितात, ते?

मुळाक्षर :
तेच. मौत, मयत, मोत, एका घरातले.

शेवंती :
ठरलं. आजचे लोक 'सीरियन', प्राचीन लोक आणि भाषा 'अरामी', एडेसाची भाषा आणि चर्च 'सुरयानी', पूर्वेकडचं साम्राज्य 'असीरियन', अरबी उताऱ्यांत 'शामी'. देव 'बेल', समास न करता. पुस्तिकेत एका जागी 'बअल जमीन' खरंच आलंय, मी ते 'बअलची भूमी' असं भक्तिभावाने करून ठेवलं होतं. आता 'जिराईत' करते.

खडकाळ :
ताई, 'कोरडवाहू' करा. जिराईत शब्द आमच्या पोरांना आता फक्त तलाठ्याकडं ऐकू येतो.