'अंग गरम करा' म्हटलं तर चुकलं का?

गंगापूररोडकर
मंडळी, नमस्कार. एक तारखेपासून सकाळी सहाची व्यायामाची बॅच सुरू केली. 18 जण आले. सगळ्यांत लहान मुलगा 19 वर्षांचा, सगळ्यांत मोठ्या काकू 67 च्या. स्वागत झालं, नावं सांगून झाली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला बीपीची गोळी आहे, कुणाचं जुनं ऑपरेशन आहे, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. मग म्हणालो, "चला, आधी अंग गरम करून घेऊ या." काकू जागच्या हलल्या नाहीत. "अरे, अंग गरम असलं की आम्ही पोरांना शाळेत पाठवत नाही. व्यायामाला कसले लावतोस?"

त्यांचं बरोबरच आहे. अंग गरम म्हणजे कणकण. 'वॉर्म-अप' निम्म्या लोकांना कळतो, पण मला काकूंना पहिल्याच दिवशी परका वाटणार नाही असा शब्द हवाय. शेवटी हळूहळू वेग उतरवायचा, त्या कूल-डाऊनचं तर त्याहून अवघड. 'अंग थंड पडू द्या' असं कुठल्या तोंडाने म्हणू?

सटाणाकर
'अंग मोकळं करणं.' शब्द तयार आहे, शोधायचा कशाला? ऑक्टोबर छाटणीला पहाटे द्राक्षबागेत गेलं की दिवसभर हात मांडवाकडे वर. आजी आधी बांधावर उभी करायची आणि म्हणायची, "आंग मोकयं करी ले." खांदे फिरवायचे, मान फिरवायची, मगच कात्री हातात. अहिराणी बोलणाऱ्या बाईला जे सुचलं ते प्रमाण मराठीतही चालतं.

जुनी तालीम
चालतं, पण अर्थ निसटतो. अंग मोकळं आपण प्रवासातून उतरल्यावरही करतो. त्यात घाम नाही. आम्ही पंचवटीत तालमीत जायचो तेव्हा आधी फावड्याने हौद्यातली माती वर-खाली करायची. वस्ताद पाठीवर पालथा हात ठेवून बघायचे आणि विचारायचे, "तापलं का?" नाही म्हटलं की आणखी माती. थंड अंगाने कुणाला जोड धरू द्यायचे नाहीत. हलगीवालासुद्धा हलगी आधी शेकून घेतो, कातडं ताणलं की ती बोलते. 'अंग तापवणं' हाच खरा शब्द. काकूंना समजावून सांगा, शब्द सोडू नका.

शुद्धलेखणी
तापवणं आणि मोकळं करणं, दोन्ही बोलीत ठीक. फलकावर लिहायला 'पूर्वव्यायाम' घ्या. 'व्यायाम' या शब्दातच ताणणं, पसरणं आहे. दोन्ही हात पसरले की जे अंतर होतं त्या मापाला संस्कृतात 'व्याम' म्हणतात, धातू तोच. एवढा सुंदर शब्द घरात असताना तालीम, कसरत, कवायत कशाला? तिन्ही अरबी. सावरकरांचं गाव भगूर आपल्यापासून किती लांब आहे? त्यांनी दिनांक, महापौर दिले, ते लोकांनी घेतलेच ना?

जुनी तालीम
दिनांक घेतला, तारीख गेली का? वरच्या पहिल्याच ओळीत 'एक तारखेपासून' आहे. तालीम म्हणजे मुळात शिकवण. मराठीने त्यातून दोन घरं उभी केली, एक कुस्तीचं आणि एक नाटकाचं. रंगीत तालीम म्हणताना कुणाला अरबस्तान आठवतं? तो शब्द आपल्या मातीत मळलाय. त्याला परका म्हटलं की मला खरंच लागतं.

दोरीउडी
मीही बॅच घेते, कॉलेज रोडला. नामाचा शोध सोडून क्रियापदाकडे बघा, असं मला मनापासून सांगायचंय. नवीन माणूस पहिल्या दिवशी शब्दाने अडत नाही, हुकुमाने अडतो. एका रांगेत 19 वर्षांचा मुलगा आणि 67 च्या काकू. 'उचल' म्हटलं तर काकू दुखावणार, 'उचला' म्हटलं तर मुलगा अवघडणार. म्हणून आम्ही सगळेच शिकवणारे नकळत म्हणतो, "हात वर घ्यायचे, श्वास सोडत खाली आणायचे." त्यात तू नाही, तुम्ही नाही. मला हे मराठीचं देणं वाटतं. 'घेऊ या' म्हटलं तर मात्र आपणही सोबत करायला हवं, नाहीतर तो शब्द खोटा पडतो.

वॉर्म-अपला मी नावच घेत नाही. "जागच्या जागी चालायचं" म्हणते आणि पाच ते दहा मिनिटं वेग वाढवत नेते. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की नाशिकलाही अंग आखडतं, तेव्हा दहाच्या खाली नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा श्वास झाला की पुढचं सुरू.

सटाणाकर
ताई, 'आखडतं' म्हणालात ना? त्याच्या उलट 'मोकळं'च.

शुद्धलेखणी
मूळ प्रश्नात 'स्वागत झालं' असं आहे. स्वागत कुणाचं? सभासदांचं की सदस्यांचं? 'मेंबर' नको, एवढी तरी विनंती.

गंगापूररोडकर
मी 'मंडळी' म्हणालो. कागदावर 'सर्व सभासदांचे हार्दिक स्वागत' लिहून नेलं होतं, पण वाचताना सत्यनारायणाची पूजा असलेल्या सोसायटीच्या हॉलमध्ये उभा असल्यासारखं वाटलं, म्हणून घडी करून खिशात ठेवलं.

शुद्धलेखणी
सभासद आणि सदस्य, दोन्हींत 'सद्' म्हणजे बसणं आहे. उभं राहून घाम गाळणाऱ्यांना ते शोभत नाही, हे मान्य. मग 'व्यायामी'?

जुनी तालीम
'पोरं.' वस्ताद साठीच्या माणसालाही पोरंच म्हणायचे.

दोरीउडी
माझ्या बॅचला नाही चालायचं. ज्या काकूंनी 40 वर्षं घर चालवलं, त्यांना नावाने 'अमुक काकू' म्हटलं की त्या दुसऱ्या दिवशी नक्की येतात. पहिल्या दिवशी नाव लक्षात ठेवणं हेच स्वागत.

गंगापूररोडकर
हे मी आजपासून करतो. पण कूल-डाऊनचं राहिलंच.

जुनी तालीम
'दम खा.' वस्तादांचा शब्द.

सटाणाकर
दम खा म्हणजे थांब. आणि धावता धावता एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, भोवळ येते. थांबायचं नाहीच, हळू व्हायचंय.

जुनी तालीम
आमच्याकडे दम खाताना कुणी उभं राहायचं नाही. हौद्याभोवती चालत चालत दम खायचा. तुमच्याकडे 'खा'चा अर्थ 'थांब' असेल.

सटाणाकर
मग 'दम धर'चा अर्थ तुमच्याकडे काय?