देव दूर गेल्यासारखा वाटला तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, भायखळ्याच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रांगेत उभी होते. भाकर घेतली, प्याला ओठाला लावला, बाकावर येऊन गुडघे टेकले आणि लक्षात आलं, की मला काहीच वाटत नाहीये. घरी जाताना दूध घ्यायचंय, एवढंच मनात होतं. याच बाकावर मी आजीच्या मांडीवर झोपलेय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, त्यांची गीतं आमच्या घरात अंगाईसारखी म्हटली गेली. आणि आता तीच गीतं गाताना माझे नुसते ओठ हलत होते.

आईला सांगवेना, पाळकसाहेबांना तर नाहीच. आपल्याकडे साक्ष देतात ती बाहेर पडल्यानंतर. अंधारात होतो, प्रभूने हात दिला. पण त्या अंधारातल्या मंगळवारी, बुधवारी माणसाने काय केलं, ते कुणी सांगत नाही. मला ते ऐकायचंय. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सगळ्यांनी लिहा. जवळीक परत वाटली नसेल तर तेही लिहा. 'उपवास करा, प्रार्थना वाढवा' एवढं मात्र नको.

परळहून, एक नर्स

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. रोज ड्यूटीवर जाताना प्रार्थना करायचे आणि रोज वॉर्डातली माणसं जायची. जूनपर्यंत प्रार्थना थांबली. राग नव्हता, पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटेनासं झालं.

आमच्या पाळकीणबाई घरी आल्या. पिशवीत बायबल होतं, पण काढलं नाही. विचारलं, "झोपतेस किती? जेवतेस काय?" मग एलीया संदेष्ट्याबद्दल बोलल्या. बायबलातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तो रानात झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो. देवदूत त्याला काही शिकवत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. संडे स्कूलमध्ये आम्हाला त्याच गोष्टीत पुढे येणारा वारा, भूकंप, अग्नी आणि देवाची ती मंद वाणी शिकवली होती. भाकरीवर कुणी थांबलं नव्हतं.

बाई पंधरा दिवस डबा पाठवत राहिल्या. माझी प्रार्थना परत आली ती त्या डब्यावर म्हटलेल्या दोन ओळींनी. मला डॉक्टरांच्या गोळ्याही लागल्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्यात त्याला विश्वास कमी पडला असं समजतात. तसं अजिबात नाही.

वांद्र्याच्या गावठाणातून

१८९६ च्या प्लेगच्या काळात मुंबईत गल्लोगल्ली क्रूस उभे राहिले. आमच्या कोपऱ्यावरचा त्यातलाच, असं वडील सांगत. मे महिन्यात तिथे संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची मरियेची प्रार्थना, असते. बायको गेल्यावर मी सहा वर्षं खिडकी लावून घेत होतो.

एकदा शेजारच्या मावशींनी खालून हाक मारली, उभं राहवत नाही, खुर्ची आणून दे. खुर्ची ठेवली आणि परत फिरायला लाज वाटली म्हणून थांबलो. त्रेपन्न वेळा 'नमो मरिया'. मी एकदाही म्हटलं नाही. माझ्याकडे शब्द उरले नव्हते, पण गल्लीकडे होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची न सांगता नेली.

गिरगावहून

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, सात वक्ते. दोन वर्षांपूर्वी मला चौथा उद्गार दिला. सख्ख्या भावाने कोर्टात खेचल्यापासून मी वर्षभर प्रार्थना केली नव्हती. 'नाही' म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून बसलो वाचायला.

मत्तयाने ते शब्द येशूच्या तोंडी जसे आले तसेच ठेवलेत : एली, एली, लमा सबख्थनी. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आणि लगेच लिहिलंय, की जवळ उभ्या असलेल्यांना वाटलं तो एलीयाला हाक मारतोय. म्हणजे ऐन वधस्तंभापाशी उभी असलेली माणसंही चुकीचं ऐकत होती. आणि ते शब्द बायबलातल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. स्वतःचे शब्द सुचणार नाहीत अशा वेळी त्याने लहानपणी पाठ केलेले शब्द घेतले. रात्री दीड वाजता हे वाचून मी मोठ्याने रडलो.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर सांगितलं, वर्षभर माझंही हेच वाक्य आहे, आवाज तेवढा आला नाही. पुढचं लिहून आणलेलं बोललोच नाही. नंतर मंडळीतले एक वयस्कर काका चर्नी रोड स्टेशनपर्यंत माझा हात धरून चालले, एक शब्द न बोलता. त्या दिवशी आनंद वगैरे झाला नाही. एकटा नाही, एवढं कळलं. भावाची केस अजून चालू आहे.

वसईची, नोकरी दादरला

माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना, म्हणजे मरियेची खास प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे. लोक तिथे विनंतीची, आभाराची पत्रं टाकतात, त्यातली काही वाचून दाखवतात. मी रिकाम्या हाताने बसले होते. कुणाचा तरी मुलगा तीन वेळा नापास झाला होता. त्याच्यासाठी मागितलं. स्वतःसाठी मागता येईना, पण त्याच्यासाठी आलं.

मुलुंडहून

मला अजून काही वाटत नाही. चौथं वर्ष. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये बाहेर आली. अनेक दशकं त्यांना आत कोरडं वाटत होतं, हे वाचून मला धीर नाही आला, भीती वाटली. आता मी ८८वं स्तोत्र वाचतो. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरी ज्यांनी स्तोत्रं जमवली त्यांनी ते गाळलं नाही. रोज सकाळी सातला वाचतो, मग कामावर जातो.

पुन्हा भायखळ्याहून

सगळं दोनदा वाचलं. काल आईला सांगून टाकलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू गाताना खालचा सूर लावायचीस, तो ऐकू येईना झालाय." म्हणजे इतके महिने ती शेजारी उभी राहून ऐकत होती.

मुलुंडचे भाऊ, उद्यापासून सातला ८८वं स्तोत्र मीही उघडते. तुम्ही तिकडे वाचा, मी इकडे.