चर्चा: वसई खाडीवरचा पहिला पूल, हुशारी की काटकसर?

भाईंदरकर
रेल्वेचा इतिहास म्हटला की बोरीबंदर-ठाणे, १८५३, एवढ्यावरच गाडी थांबते. गुजरातकडून येणारी बीबीसीआयची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीची) लाईन १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली, त्यासाठी आधी वसईची खाडी ओलांडावी लागली, हे कुणी सांगत नाही. कंपनीचे अभियंते कर्नल केनेडी यांनी इथे दगडी कमानींचा हट्ट धरला नाही. खाली मऊ चिखल, दिवसातून दोनदा भरती. त्यांनी ओतीव लोखंडाच्या पोकळ नळ्या वापरल्या. टोकाला रुंद पातं असलेल्या या नळ्या स्क्रूसारख्या फिरवत तळात उतरवल्या आणि वर ६० फुटांचे वॉरन गर्डर, म्हणजे त्रिकोणांच्या रांगेने बनलेल्या लोखंडी तुळया, ठेवले. लोखंड विलायतेहून जहाजाने यायचं. सगळे गाळे (दोन खांबांमधले भाग) एकाच मापाचे, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला चालायचा. माझ्या मते कोकणच्या खाड्यांना याहून योग्य रचना त्या काळात नव्हती.

नायगावचा शेजारी
दादा, अर्धीच बाजू मांडलीत. हीच पद्धत त्यांनी भरूचला नर्मदेवर वापरली, तिथे पुरांनी पूल पुन्हा पुन्हा मोडला. शेवटी १८८१ मध्ये नवा पूल उभारावा लागला. बारीक खांबांभोवतीची माती वाहून गेली की वरचे त्रिकोण कितीही चांगले असोत, काय उपयोग?

भाईंदरकर
नर्मदेचा पूर आणि आपली खाडी एकाच तराजूत कशी घालता?

नायगावचा शेजारी
खाडी म्हणजे उल्हास नदीचंच मुख ना? २६ जुलै २००५ ला तिचं पाणी आपण सगळ्यांनी बघितलंय.

जोडणीवाला
पुराचा मुद्दा पटतो. पण ट्रसला, म्हणजे त्या त्रिकोणी सांगाड्याला, नावं ठेवू नका. वॉरनचं पेटंट १८४८ चं. वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, तिरपे दांडे आळीपाळीने दोन्ही सोसतात. वजन वाहणारा प्रत्येक तुकडा डोळ्यांना दिसतो, म्हणून तपासायला सोपा. माझी तक्रार सांध्यांबद्दल आहे. दोन पट्ट्या भिडतात त्या फटीत खारं पाणी साचतं, रंगाखालून पापुद्रे सुटतात आणि पट्टी आतून पातळ होते. वसईसारख्या हवेत लोखंड निवडलं की रंगाचा खर्च कायमचा मागे लागतो. तो खर्च केनेडींच्या हिशेबात धरल्याशिवाय मी तरी याला स्वस्त म्हणणार नाही.

पांजू बेट
आमचं गाव खाडीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना रेल्वेचे पूल. दगडी कमानींचे जाड खांब उभे केले असते तर प्रवाह अडला असता, गाळ आमच्याच किनाऱ्याला लागला असता. होड्यांचं काय झालं असतं, याचा विचार इथे कुणीच केलेला नाही. मी भाईंदरकरांच्या बाजूने.