हौशी, हातचा सेट आणि पोच: हॅम रेडिओचे मराठी शब्द

शाळेतल्या मुलांसाठी हॅम रेडिओची, म्हणजे परवाना काढून स्वतःच्या सेटवरून लांबच्या माणसांशी संपर्क करण्याच्या छंदाची, ओळख करून देणारी चार पानं मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडलो. 'अमॅच्युअर रेडिओ'ला मी 'हौशी रेडिओ' लिहिलं होतं. पानं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "हौशी म्हणजे जेमतेम येणारा, असं मुलांना वाटेल. 'छांदिष्ट' चालेल का?" तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय, म्हणून इथे चर्चेला आणतो आहे.

माझं मत आधीच सांगतो. 'हौशी' हाच शब्द बरोबर आहे. आपल्या राज्य सरकारची नाट्यस्पर्धा 'हौशी मराठी नाट्य स्पर्धा' या नावानेच भरते. तिथली मंडळी नोकरीधंदा सांभाळून रात्री तालमी करतात, आणि त्यातली कित्येक कामं बघून व्यावसायिकांनी शिकावं अशी असतात. हौशी म्हणजे पोटासाठी न करणारा, इतकंच. रेडिओचे नियमही हेच सांगतात. भारतात १९७८ साली या सेवेचे नियम झाले, त्यांतल्या व्याख्येत तीन कामं येतात: स्वतः शिकणं, आपसांत संपर्क करणं आणि तांत्रिक शोध घेणं. हे सगळं स्वतःच्या आवडीने आणि पैशाच्या लाभाविना करायचं. कौशल्य कमी असावं असं त्यात कुठेच नाही. उलट परीक्षा पास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही.

'हौस' मुळात अरबी 'हवस', फारसीतून आपल्याकडे आली. हिंदीत 'हवस' म्हटलं की वासना. मराठीने मात्र तो शब्द इतका घरचा केला की डोहाळजेवणात आपण हौस पुरवतो आणि हौसेला मोल नसतं म्हणतो. 'अमॅच्युअर'सुद्धा लॅटिनमधल्या 'प्रेम करणारा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ ओढीतच आहे. 'छांदिष्ट' म्हटलं की माणूस जरा लहरी वाटतो, आणि 'बिगरव्यावसायिक' हा शब्द माणसात काय नाही तेवढंच सांगतो.

खुद्द 'हॅम'बद्दल एक गोष्ट. तो तीन माणसांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून आला, अशा कहाण्या फिरतात. त्यांवर विसंबू नये. तारखात्यातले सराईत लोक अडाणी हाताच्या तारमास्तरला हिणवून 'हॅम' म्हणत, आणि हौशी लोकांनी पुढे ती शिवी मानाने अंगावर घेतली. आपल्याकडे 'हाम' नावाचा जुना शब्द आहे, उमेद आणि हिंमत या अर्थाचा. दोन शब्दांचं नातं काही नाही, पण मुलांना सांगायला मला आवडेल: हॅम व्हायला हाम लागते.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. सेटच्या भागांची नावं मराठीत करण्यात आपण फार वेळ घालवतो. पुण्यात बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन 'धारित्र' (वीज साठवणारा छोटा भाग) मागून बघा. तिथे ते 'कंडेन्सर' याच नावाने मिळतं, आणि स्टेशन फिरवायचा हवा असेल तर 'गँग' म्हणावं लागतं. ही नावं रुळली आहेत, ती तशीच राहू द्यावीत. पण रेडिओवर माणसं एकमेकांशी जे वागतात, त्याला मराठीत अस्सल शब्द पडून आहेत आणि ते आपण वापरतच नाही.

'सीक्यू' म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही घातलेली साद. हाक आपण ओळखीच्या माणसाला मारतो, बहुधा नाव घेऊन. साद कुणालाही घालता येते. पलीकडून उत्तर आलं की त्याने 'ओ' दिली. आणि 'क्यूएसएल'? त्या तीन अक्षरांचा अर्थच 'तुमचा संदेश पोचला' असा आहे. म्हणजे पोच! संपर्क झाल्यावर वेळ, फ्रिक्वेन्सी आणि आवाज कसा आला ते लिहून जे कार्ड पाठवतात, ते पोचकार्ड. आपल्या आजोबांनी पत्रात 'पोच द्यावी' लिहिलं तेव्हा त्यांना नेमकं हेच हवं असायचं. संपर्क संपवताना पाठवतात ते '७३' तर थेट 'लोभ असावा'.

पोच किती मोठी असते याचं माझं आवडतं उदाहरण. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून ऑस्कर-१ हा हौशी लोकांनी बांधलेला पहिला उपग्रह सोडला गेला. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी तो घरच्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये जोडला होता. वजन साधारण साडेचार किलो, ताकद टॉर्चच्या दिव्याहूनही कमी. तो एवढंच करायचा: मोर्स या टिंब-रेघांच्या लिपीत चार टिंबं, थोडं थांबून दोन टिंबं. ती सहा टिंबं ऐकून २८ देशांतल्या ५७०हून अधिक हौशी माणसांनी कळवलं की आम्हाला ऐकू आलं. ही खरी पोच.

शेवटी प्रश्न. 'होमब्रू' म्हणजे घरी बांधलेला सेट. याला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १

होमब्रू मूळचा दारूचा शब्द. अक्षरशः आणायचा तर 'हातभट्टी' होईल, म्हणून तो मार्ग सोडावा. 'जुगाड' तर मुळीच नको. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. घरी बांधलेला ट्रान्समीटर फ्रिक्वेन्सीवरून घसरला तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या चार लोकांच्या कानाला त्रास देतो. तिथे वेळ मारून नेता येत नाही.

माझी सूचना 'हातचा'. आपण 'आईच्या हातची आमटी' म्हणतो, त्यात कृती कुणाची हे येतं आणि मायाही येते. 'हा माझ्या हातचा सेट' म्हटलं की बोलणारा काय सांगतोय ते लगेच कळतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स हा सेट याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे. त्यात सर्किटमधला एकच रस्ता ऐकायलाही वापरतात आणि बोलायलाही, म्हणून 'बायडायरेक्शनल'वरून नाव बिटएक्स. मराठीत 'दुतर्फी' म्हणा. महागडी कोअर, म्हणजे कॉइलची तार गुंडाळायची कडी, मिळत नाही, तर तार गुंडाळायला नळाचा वायसर घ्या, असं त्यांनी सुचवलं. हो, नळ गळायला लागला की प्लंबर बदलतो तोच. १४ मेगाहर्ट्झवर सहाएक वॅटचा हा सेट जगभरच्या लोकांनी घरी बांधला.

प्रतिसाद २

सेटचे भाग कथिल-शिशाने जोडायला 'सोल्डर करणे' का म्हणायचं? 'झाळणे' आहे ना. माझ्या मामांचं तांब्यापितळेचं दुकान होतं, तिथे रोज 'हंड्याचा बूड झाळून दे' ऐकू यायचं. सोनारांचा शब्द 'डाख', पण तो इथे नको, कारण सोन्याच्या डाखाला मोठी आच लागते. आपलं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, म्हणून ते झाळण्याच्या जवळचं.

एक इशारा. कल्हईवाला नवसागर टाकतो, कारण त्याने धातूवरचा मळ निघतो. सेट झाळताना तेच काम राळ करते, आणि ती सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. नवसागर सेटला लावू नका. तो मागे राहून तांबं खातो.

मूळ लेखकाचं उत्तर

'हातचा' घेतला. याहून चांगला शब्द मला सुचला नसता. आणि 'झाळणे' वाचून लाज वाटली, कारण हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि विसरलो होतो.

झाळण्यावरून एक अनुभव सांगतो. माझ्या हातच्या पहिल्या रिसीव्हरमध्ये आवाज मधेच जायचा. वरून टपली मारली की परत यायचा. तीन रविवार मी सर्किट तपासलं, कंडेन्सर बदलले, बॅटरी बदलली. शेवटी भिंग घेऊन एकेक सांधा बघत गेलो. सगळे सांधे चकचकीत, पायाशी पसरलेले, मधे किंचित खोलगट. एकच राखाडी, दाणेदार, गोळ्यासारखा बसलेला. सोल्डर तारेवर पडलं होतं, पण तार पुरेशी तापली नव्हती, म्हणून त्याने तिला धरलंच नव्हतं. दुकानात याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. मी मुलांसाठी 'कोरडा सांधा' लिहिणार आहे, म्हणजे बघून ओळखता येईल. आणि त्याच्याखाली हेही: आधी तार तापवा, मग तिला सोल्डर द्या, झाळणीच्या (सोल्डरिंग आयर्नच्या) टोकाला नव्हे.

प्रतिसाद ३

'वायरलेस'साठी 'बिनतारी' कुणीच कसं सुचवलं नाही? पोलिसांच्या विभागाच्या नावात तो आहे.

मूळ लेखकाचं उत्तर

शब्द चांगला आहे, मी पहिल्या पानावर एकदा वापरणारच आहे. अडचण एवढीच की पहिल्याच प्रात्यक्षिकात मुलांना गच्चीवर वीस मीटर तार ताणायची आहे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगाची एरियल तेवढी लागते. 'बिनतारी' म्हणत तार ताणायला लावली तर कुणीतरी विचारेलच, आणि विचारावं. मग सांगता येईल की दोन गावांमधली तार गेली, दोन्ही टोकांची राहिली.

आणखी एक शब्द हवा आहे. संध्याकाळी लांबची स्टेशनं अचानक ऐकू येऊ लागतात तेव्हा आपण 'बँड ओपन झाला' म्हणतो. बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा एक पट्टा, जसा सात मेगाहर्ट्झचा 'चाळीस मीटर'. पूर्वी घरात म्हणायचे, 'आज सिलोन लागतंय' किंवा 'लागत नाही'. 'लागणे' हे क्रियापद इथे पुन्हा आणता येईल का? 'चाळीस मीटरवर आज लांबचं लागतंय', असं मी काल एका मित्राला सहज म्हणालो, आणि त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.