लघवीच्या नळीवरील चांदीचा मुलामा संसर्ग खरोखर थांबवतो का?

प्रश्न : केळीबागवाला, रावेर तालुका

नमस्कार. माझे वडील बहात्तर वर्षांचे असून अर्धांगवायूच्या झटक्यानंतर दोन महिन्यांपासून त्यांना लघवीची नळी आहे. या काळात दोनदा हुडहुडी भरून ताप आला आणि दोन्ही वेळा त्यांना जळगावला दाखल करावे लागले. मागील खेपेस काढलेल्या नळीच्या टोकावर पांढरे पूट जमले होते. बोटांत चोळले तर वाळूसारखे लागले. औषधांच्या दुकानात आता चांदीचा मुलामा असलेली नळी सुचवली आहे, पण ती साध्या नळीपेक्षा बरीच महाग आहे. खर्चाला मी मागे हटणार नाही, मात्र वडिलांचा त्रास त्याने खरोखर कमी होईल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : सूक्ष्मजीवशास्त्राचा शिक्षक, जळगाव

मुलाम्यातून सुटणारे चांदीचे आयन जीवाणूंच्या प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात, त्यामुळे प्रयोगशाळेत ही नळी उत्तम ठरते. शरीरात मात्र लघवीतील प्रथिने आणि क्षार काही दिवसांतच तिच्यावर थर धरतात आणि जीवाणू त्या थरावर बसतात. चांदी खाली दबून राहते. तुम्ही पाहिलेले वाळूसारखे पूट बहुधा याच प्रकारचे आहे. प्रोटियस जातीचे जीवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे फॉस्फेट स्फटिकरूपाने नळीवर साचून शेवटी ती तुंबवतात.

ब्रिटनमध्ये ७१०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, त्रासदायक मूत्रसंसर्गाचे प्रमाण चांदीच्या नळीने १२.५ टक्के, तर टेफ्लॉनचा थर दिलेल्या नेहमीच्या नळीने १२.६ टक्के आढळले. तेही जास्तीत जास्त चौदा दिवसांच्या वापरासाठी होते! महिनोन्‌महिने राहणाऱ्या नळीसाठी तिच्यावर पैसे घालावेत, असे मला अजिबात वाटत नाही.

उत्तर २ : परिचारिका, धुळे

दादा, सरांशी मी सहमत आहे. बावीस वर्षे वॉर्डात काम करताना मी पाहिले आहे की, घरी नेलेल्या रुग्णाच्या बाबतीत घोळ बहुतेक वेळा नळी आणि पिशवी यांच्या जोडापाशी होतो. पिशवी धुण्यासाठी तो जोड वारंवार सुटा केला, की बाहेरचे जंतू आत जायला वाट मिळते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला कूस बदलवताना ती अंथरुणावर ठेवली तर साठलेली लघवी उलटी फिरते. ती खालच्या तोटीतूनच, साबणाने हात धुऊन रिकामी करावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लघवी गडद होते, म्हणून हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर भरपूर पाणी द्यावे.

आणखी एक विनंती आहे. नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जीवाणू सापडतात, त्यामुळे ताप किंवा दुखणे नसताना केवळ तपासणीचा अहवाल पाहून प्रतिजैविके सुरू करू नयेत. थंडी-ताप आला, लघवी अडली किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर मात्र तासभरही थांबू नये.

प्रश्नकर्ता, पुन्हा

ताई, सर, मनापासून आभार. आम्ही वडिलांची कूस बदलवताना पिशवी गादीवर, त्यांच्या पायांशीच ठेवत होतो आणि रोज सकाळी ती सुटी करून धूत होतो. आजच ती खाटेच्या खालच्या पट्टीला बांधली आहे. नळीची आता गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे का?

परिचारिका, धुळे

अवश्य विचारा, आणि सोमवारीच विचारा. मूत्राशय स्वतः रिकामे होत असेल तर नळी काढून पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोम नळी चालू शकते, आणि ते जमले नाही तर ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढून घेण्याची पद्धतही घरच्यांना शिकवता येते.